वासरांत लंगडी गाय आणि बाजाराचं चक्र

जून २०२३ मध्ये एमआरएफच्या एका शेअरनं लाख रुपयांचा टप्पा ओलांडला आणि 'देशातला सगळ्यात भारी शेअर' असे मेसेज घरोघरी फिरले. भारी म्हणजे महाग, एवढंच. कंपनीचं एकूण मोल किती आणि तिनं स्वतःचे तुकडे किती केले, यावर एका शेअरची किंमत ठरते. एमआरएफनं तुकडे फार थोडे केलेत. लाखाचा शेअर आणि शंभराचा शेअर एकाच कागदावर काढायला गेलात, तर एक रेघ छताला जाईल आणि दुसरी जमिनीला चिकटून झोपेल. त्यातून कळणार काहीच नाही.

मग तुलना करायची कशी? चौथीत शिकलो तो भागाकार करायचा. एका शेअरच्या किमतीला दुसऱ्याच्या किमतीनं भागा, किंवा अख्ख्या बाजाराच्या निर्देशांकानं भागा. उत्तर स्वतः किती आहे याला महत्त्व नाही. ते दिवसागणिक वाढतंय की घटतंय, ते बघायचं. या उत्तरांची रेघ ओढली की तिला रिलेटिव्ह स्ट्रेंथ म्हणतात, म्हणजे सापेक्ष ताकद.

मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या निफ्टी आयटी निर्देशांकाचंच उदाहरण घेऊ. २०२० च्या शेवटी तो साधारण २४,२५० वर होता आणि पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक निफ्टी ५० होता १३,९८० च्या आसपास. भागाकार आला १.७३. वर्षभरानं आयटी ३८,७०० आणि निफ्टी १७,३५०, म्हणजे २.२३. सगळं जग घरून काम करत होतं आणि सॉफ्टवेअर कंपन्यांना माणसं पुरत नव्हती, तो हा काळ. २०२२ संपलं तेव्हा आयटी २८,६०० वर उतरला होता, निफ्टी मात्र १८,१०० वर गेला होता. भागाकार १.५८. म्हणजे दोन वर्षांत आयटीचा आकडा वाढलेलाच दिसतो, २४ हजारांवरून २८ हजारांवर. तरीही बाजाराच्या मानानं तो जिथून निघाला होता त्याच्याही मागे जाऊन बसला. ही गोष्ट नुसत्या किमतीच्या आलेखात चटकन दिसत नाही.

याची उलटी बाजू जास्त फसवी आहे. २००८ साली निफ्टी निम्म्याहून जास्त कोसळला. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं विकणाऱ्या कंपन्या त्यामानानं बऱ्याच कमी पडल्या, कारण मंदी आली म्हणून कुणी दात घासायचं सोडत नाही. त्यांची सापेक्ष ताकदीची रेघ त्या वर्षी दिमाखात वर चढत होती आणि त्यांचे शेअर बाळगणाऱ्यांचे पैसे कमी होत होते. वासरांत लंगडी गाय शहाणी, ही म्हण या रेघेसाठीच रचली असावी असं मला दर वेळी वाटतं. गाय शहाणी आहे हे रेघ सांगते. ती लंगडी आहे का, हे सांगत नाही.

इथे एक घोळ निस्तरून टाकतो. आरएसआय नावाचा आकडा तुम्ही पाहिला असेल, शून्य ते शंभरमध्ये फिरणारा. जे. वेल्स वाइल्डर यांनी तो १९७८ मध्ये मांडला. त्याच्या नावातही 'रिलेटिव्ह स्ट्रेंथ' आहे, पण तो शेअरची तुलना त्याच्या स्वतःच्याच मागच्या चढउतारांशी करतो, दुसऱ्या कुणाशी नाही. नावं सारखी असली तरी कुळं वेगळी.

आता मोमेंटम. सापेक्ष ताकदीची रेघ कुठे आहे हे एक, आणि ती किती वेगानं कुठे चाललीये हे दुसरं. बस दादरला आहे, एवढं कळून भागत नाही. ती ठाण्याकडे निघालीये की चर्चगेटकडे, तेही कळावं लागतं. मोमेंटम म्हणजे हा वेग.

ज्युलियस द केम्पनेर या डच विश्लेषकानं २००४-०५ च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅममध्ये काम करताना या दोन गोष्टी एकाच कागदावर आणल्या. आडव्या अक्षावर सापेक्ष ताकद, उभ्या अक्षावर तिचा वेग, आणि दोन्हींचा मध्य १०० वर. त्याचं नेमकं सूत्र त्यानं उघड केलेलं नाही. २०११ मध्ये हा आलेख ब्लूमबर्ग या वित्तीय माहिती पुरवणाऱ्या कंपनीच्या टर्मिनलवर आला आणि जगभर पोचला. रिलेटिव्ह रोटेशन ग्राफ, किंवा नुसतं आरआरजी.

कागदाचे चार चौकोन होतात. वर उजवीकडे हिरवा, 'लीडिंग': बाजाराच्या पुढे आणि अजून वेग घेणारे. खाली उजवीकडे पिवळा, 'वीकनिंग': पुढे आहेत, पण दम लागलाय. खाली डावीकडे लाल, 'लॅगिंग': मागे आणि आणखी मागे पडणारे. वर डावीकडे निळा, 'इम्प्रूव्हिंग': मागेच आहेत, पण सावरतायत. प्रत्येक शेअर किंवा क्षेत्र म्हणजे एक ठिपका आणि त्याला मागच्या काही आठवड्यांची शेपटी. पंधरा-वीस शेपट्या एकदम पाहिल्या की बेडकाच्या पिल्लांचं डबकं आठवतं.

आणि ही पिल्लं गोल फिरतात. हिरव्यातून पिवळ्यात, तिथून लाल, मग निळा, पुन्हा हिरवा. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. बहुतेकांना भुरळ पडते ती इथेच. बाजारात पैसा या क्षेत्रातून त्या क्षेत्रात फिरतो (सेक्टर रोटेशन म्हणतात ते हेच) हे ऐकलेलं असतं, आणि इथे ते डोळ्यांनी दिसतं. मग निळ्यात घ्या, पिवळ्यात विका, असा सोपा धडा काढला जातो.

पण दिशा घड्याळाचीच का? हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, आणि त्याचं उत्तर बाजारात नाहीच. ते माजघरातल्या झोपाळ्यात आहे. झोपाळा मधल्या जागेपासून किती दूर आहे ते आडव्या अक्षावर मांडा, आणि उजवीकडे जाण्याचा वेग उभ्या अक्षावर. डाव्या टोकाला वेग शून्य. तिथून सुटला की वेग वाढतो, ठिपका वर जातो. मध्यावर वेग सर्वांत जास्त. उजव्या टोकाला पुन्हा शून्य. परत फिरला की वेग उणे, ठिपका खाली. झोपाळा नुसता पुढेमागे हलतो, पण कागदावर ठिपका गोल फिरतो, आणि तोही घड्याळाच्याच दिशेनं. कारण साधं आहे: वरच्या अर्ध्यात वेग शून्याहून अधिक आहे, म्हणजे ठिपक्याला उजवीकडे सरकणं भाग आहे, खालच्या अर्ध्यात वेग उणे, म्हणजे डावीकडे. वर उजवीकडे, खाली डावीकडे. उलटं फिरायला जागाच नाही. भौतिकशास्त्रात अशा आकृत्या शंभराहून जास्त वर्षं काढल्या जातायत. आरआरजीत सरासऱ्या घेऊन आकडे गुळगुळीत केलेले असतात, म्हणून शेपट्या अधूनमधून वेड्यावाकड्या वळतात. मूळ चाल हीच.

विश्वास बसत नसेल तर नाणं घ्या. मी १०० पासून सुरुवात केली, छापा पडला की एक मिळवला, काटा पडला की एक वजा. चौदा वेळा उडवलं. आधी दोन छापे, मग काटा, पुन्हा दोन छापे, मग सलग चार काटे, छापा, काटा आणि शेवटी तीन छापे. आकडा १०३ पर्यंत चढला, ९९ पर्यंत उतरला, १०२ वर थांबला. वेग म्हणून मागच्या चार उडवण्यांतला फरक घेतला. चौथ्या उडवणीला ठिपका वर उजवीकडे होता: शंभराच्या दोन पुढे, वेग अधिक दोन. नवव्याला तो खाली डावीकडे: एक मागे, वेग उणे चार. मग मध्यातून वर सरकत चौदाव्याला पुन्हा दोन पुढे, वेग अधिक दोन, जिथून निघाला बरोब्बर तिथे. घड्याळाच्या दिशेनं एक फेरी पूर्ण. एका रुपयाच्या नाण्यात कुठलं आलंय सेक्टर रोटेशन!

शिकागो विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ हॅरी रॉबर्ट्स यांनी १९५९ मध्येच असा खेळ केला होता. त्यांनी नुसत्या यादृच्छिक आकड्यांची बेरीज करत आलेख काढला, आणि तो हुबेहूब शेअर बाजाराच्या आलेखासारखा दिसला. आरआरजी तेव्हा नव्हता, नाहीतर त्यांनी त्याचीही गंमत केली असती.

तर मग हे सगळं थोतांड? तसंही नाही. चक्राकार फिरणं ही अंकगणिताची देणगी आहे, पण फेरी किती मोठी आणि ठिपका हिरव्यात किती काळ रेंगाळतो, यात बाजाराची खरी माहिती असू शकते. नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी १९९३ मध्ये अमेरिकी शेअर्सचा १९६५ ते १९८९ चा हिशेब मांडला. मागच्या सहा महिन्यांत पुढे असलेले शेअर घ्यायचे, मागे पडलेले उसने घेऊन विकायचे, सहा महिने थांबायचं. यातून वर्षाला सरासरी १२ टक्क्यांच्या आसपास जास्तीचा परतावा निघाला. नाण्याच्या बाबतीत असं होत नाही. लागोपाठ तीन छापे पडले म्हणून चौथा छापा पडायची शक्यता वाढत नाही. शेअरची मात्र थोडीशी वाढत असावी. माणसं बातमी हळूहळू पचवतात, कळपानं धावतात, अशी कारणं दिली जातात. वाद अजून मिटलेला नाही. मुदत बदलली की निष्कर्षही उलटतो. वर्नर डी बाँट आणि रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये दाखवलं, की तीन ते पाच वर्षांच्या काळात आधी हरलेलेच पुढे जातात.

आणि हा वेग कधीकधी भयानक उलटतो. मार्च ते मे २००९ या तीन महिन्यांत अमेरिकेतले सगळ्यात मागे पडलेले शेअर १६३ टक्के वाढले, सगळ्यात पुढचे फक्त ८ टक्के. अनेक वर्षांची कमाई त्या तिमाहीत धुऊन निघाली. लाल चौकोनातल्या ठिपक्यांनी जणू निळ्यात न थांबता उडी मारली.

आपल्याकडे ऑगस्ट २०२० पासून निफ्टी २०० मोमेंटम ३० हा निर्देशांक आहे. सहा आणि बारा महिन्यांची वाढ घेऊन, तिला चढउतारांच्या मानानं जोखून तीस शेअर निवडतात. यादी जून आणि डिसेंबरमध्ये बदलते. म्हणजे नियम लिहून ठेवलेला आणि वर्षातून दोनदाच हात लावायचा. घरी आरआरजी बघणारा माणूस मात्र दर शुक्रवारी संध्याकाळी शेपट्या बघतो आणि सोमवारी खरेदीविक्री करतो. दलाली आहे, एसटीटी म्हणजे शेअरच्या प्रत्येक व्यवहारावरचा कर आहे, आणि २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर १५ ऐवजी २० टक्के कर आहे. ठिपका कुठल्याही चौकोनात असो, हे पैसे जातातच.

मला स्वतःला सर्वांत जास्त खटकतो तो छेद, म्हणजे ज्यानं भागलं तो निर्देशांक. निफ्टीत साधारण एक तृतीयांश वजन बँका आणि वित्तकंपन्यांचं आहे. एखाद्या आठवड्यात बँका आपटल्या की छेद लहान होतो, आणि औषधं, सिमेंट, गाड्या यांनी काहीही न करता त्यांचे ठिपके उजवीकडे सरकतात. सगळे एकदम हिरव्यात जाऊ शकत नाहीत. कुणीतरी लाल झाल्याशिवाय दुसरा हिरवा होत नाही. एखाद्या बँकेचा शेअर आधी निफ्टीशी आणि मग निफ्टी बँकेशी ताडून पाहा. बाकी बँकांचे दिवस बरे नसतील आणि ही जेमतेम तग धरून असेल, तर एकाच दिवशी ती एका आलेखात लाल आणि दुसऱ्यात हिरवी दिसेल. शेजारच्या खिडकीत तिच्या किमतीचा साधा आलेख उघडा ठेवा. पैसे वाढले की घटले, ते तिथेच कळतं.