कॅप्सूल हॉटेल

कॅप्सूल हॉटेल : झोपण्यापुरती एक पेटी प्रत्येकाला स्वतंत्र आणि बाकी सगळे सामाईक, अशी रचना असलेले निवासस्थान. उगम जपानमधील ओसाका शहरात, १९७९. पेटी साधारण दोन मीटर लांब असते. रुंदी आणि उंची मीटर-सव्वा मीटर. आत उठून बसता येते, उभे राहता येत नाही. अशा पेट्या बोळाच्या दोन्ही बाजूंना, एकीवर एक अशा दोन थरांत मांडलेल्या असतात. वरच्या थराला चढायला दोन-तीन पायऱ्यांची शिडी असते. छायाचित्रात हे दृश्य शवागाराच्या खणांसारखे दिसते, आणि परदेशी वार्ताहरांनी ही उपमा वापरून वापरून पार गुळगुळीत करून टाकली आहे. आपल्याकडच्या वाचकाला जवळचे उदाहरण हवे असेल तर ते टू-टियर एसीच्या डब्यातल्या पडदा ओढलेल्या बर्थचे. फरक एवढाच की हा डबा हलत नाही आणि चहावाला येत नाही.

कॅप्सूल हॉटेल म्हणजे लहान खोल्यांचे हॉटेल, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. मूळ जपानी कॅप्सूल हॉटेल हे खरे तर रात्रभर उघडे असणारे स्नानगृह. झोपायची सोय त्याला नंतर जोडली गेली. ओसाकाच्या उमेदा भागात एक मोठे सौना-स्नानगृह, म्हणजे गरम खोलीत बसून घाम काढायची आणि अंघोळीची जागा, होते. घरी जाणारी गाडी चुकलेली मंडळी तिथे येत, अंघोळ करत आणि विश्रांतीच्या दालनातल्या खुर्च्यांवर कशीबशी झोपत. मालकाने हे गिऱ्हाईक हेरले. खुर्चीऐवजी नीट पाठ टेकता येईल असे काही करून द्या, असे त्याने वास्तुविशारद किशो कुरोकावा यांना सांगितले. त्यातून १ फेब्रुवारी १९७९ रोजी ‘कॅप्सूल इन ओसाका’ सुरू झाले. हेच जगातले पहिले कॅप्सूल हॉटेल.

कुरोकावा (१९३४–२००७) यांचीच निवड झाली याला कारण होते. १९६० साली टोकियोत भरलेल्या जागतिक डिझाइन परिषदेच्या वेळी काही तरुण जपानी वास्तुविशारदांनी ‘मेटाबॉलिझम’ नावाची चळवळ सुरू केली, त्यात ते होते. शरीरातल्या पेशी मरतात, नव्या येतात, शरीर मात्र टिकते. इमारतीही तशाच असाव्यात, असे या मंडळींचे म्हणणे. सांगाडा कायमचा, त्याला लटकवलेल्या खोल्या बदलत्या. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात कुरोकावांनी कॅप्सूल मांडून दाखवली. १९७२ मध्ये टोकियोच्या गिंझा भागात त्यांचा नाकागिन कॅप्सूल मनोरा उभा राहिला. त्यात १४० कॅप्सूल होत्या. प्रत्येकीला एक मोठी गोल खिडकी, आत पलंग, घडीचे टेबल, टेप रेकॉर्डर आणि विमानातल्यासारखे न्हाणीघर. प्रत्येक कॅप्सूल चार बोल्टांवर मधल्या खांबाला टांगलेली होती. दर २५ वर्षांनी जुनी काढून नवी बसवायची, असा हिशेब होता.

तो हिशेब कागदावरच राहिला. एकही कॅप्सूल कधी बदलली गेली नाही, कारण खालची काढायची तर आधी वरच्या उतरवाव्या लागत आणि खर्चावर मालकांचे एकमत होत नसे. गळती आणि गंज वाढत गेला. २०२२ मध्ये मनोरा उतरवण्यात आला. काही कॅप्सूल वाचवून संग्रहालयांकडे गेल्या, त्यांतली एक अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. उद्याच्या माणसाचे घर म्हणून कुरोकावांनी जी वस्तू कल्पिली ती घर म्हणून चालली नाही, आणि सौनावाल्याच्या सांगण्यावरून केलेली तिची धाकटी आवृत्ती जगभर गेली. वास्तुकलेच्या इतिहासात नाकागिनवर रकानेच्या रकाने असतात. उमेदाच्या सौनावर एखादी ओळ. हे प्रमाण मला तरी उलटे वाटते.

झोपायची पेटी काचतंतू मिसळलेल्या प्लॅस्टिकची, साच्यातून काढलेली असते. कोपरे गोलसर, म्हणजे डोके आपटले तरी लागत नाही आणि पुसायला सोपे. उशाशी बटणांची एक पट्टी असते. तीत दिवा, रेडिओ, गजराचे घड्याळ. हवा खेळती ठेवणारी झडप आणि जुन्या धाटणीच्या पेटीत छताला टांगलेला छोटा टीव्ही. प्रकार मुख्यतः दोन. एकात पायथ्याच्या अरुंद तोंडातून सरपटत आत जायचे, दुसऱ्यात लांब बाजूने चढायचे. पहिल्या प्रकारात कमी जागेत जास्त पेट्या मावतात, म्हणून तोच जास्त दिसतो.

दाराशी कुलूप नसते. पडदा किंवा चटईसारखी वर-खाली सरकणारी झडप, एवढाच आडोसा. पाश्चात्त्य पाहुण्यांना हा निष्काळजीपणा वाटतो, पण त्यामागे कायदा आहे. जपानच्या १९४८ च्या निवासव्यवसाय कायद्यात ही जागा हॉटेल म्हणून नव्हे, तर अनेकांनी मिळून वापरायचे ‘साधे निवासस्थान’ म्हणून नोंदली जाते. पेटीला कुलूप बसवले की ती स्वतंत्र खोली ठरते, आणि मग खोलीला लागू होणारे अग्निसुरक्षेचे सगळे नियम तिला लागू होतात. तेवढा खर्च केला तर एका रात्रीचे भाडे दोन-चार हजार येनांच्या घरात ठेवणे जमणारे नाही. कायद्याच्या नजरेत पाहुणा खोली घेत नाही, एका मोठ्या सामाईक दालनातली एक जागा घेतो.

रात्रीचा क्रम ठरलेला असतो. आत शिरताच बूट काढून छोट्या कपाटात ठेवायचे आणि त्याची किल्ली काउंटरवर द्यायची. बदल्यात मनगटाला बांधायची दुसरी किल्ली मिळते. ती उंच, अरुंद कपाटाची. त्यात कोट-टाय टांगायचा. आत टॉवेल आणि सुती झगा किंवा सदरा-चड्डी घडी करून ठेवलेली असते. मग स्नानगृह. जपानी शिस्तीप्रमाणे आधी बसून साबणाने स्वच्छ व्हायचे, नंतरच गरम पाण्याच्या हौदात उतरायचे. अंगावर गोंदण असेल तर बऱ्याच ठिकाणी प्रवेश मिळत नाही. दाढीचे ब्लेड, टूथब्रश, मोजे, धुतलेला शर्ट, बिअर, नूडल्स हे सगळे तिथेच मिळते. साहेबासमोर आदल्या दिवशीच्या शर्टात उभे राहावे लागू नये, ही सोय या व्यवसायाने पहिल्यापासून सांभाळली. दोन-तीन रात्री राहायचे असले तरी सकाळी दहाच्या सुमारास बाहेर पडावे लागते आणि संध्याकाळी पुन्हा नोंदणी करावी लागते. घोरण्यावर मात्र कोणताही कायदा चालत नाही. कानात घालायचे बोळे काउंटरवर मिळतात.

या हॉटेलांचे अर्थकारण रेल्वेच्या वेळापत्रकावर उभे राहिले. टोकियो-ओसाकात शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या आगेमागे सुटतात आणि पहिल्या पहाटे पाचच्या सुमारास. मधल्या चार-पाच तासांत टॅक्सीशिवाय पर्याय नाही. जपानमध्ये रात्री दहा ते पहाटे पाच टॅक्सीला २० टक्के जादा आकार पडतो, आणि नोकरदाराचे घर शहरापासून तासा-दीड तासावर. त्या भाड्यापेक्षा पेटी कितीतरी स्वस्त. १९८० च्या दशकात जपानच्या तेजीच्या काळात ऑफिसात उशिरापर्यंत थांबणे आणि मग सहकाऱ्यांबरोबर पिणे, हा जणू नोकरीचाच भाग होता. मोठ्या स्थानकांच्या आजूबाजूला कॅप्सूल हॉटेले वाढली ती याच काळात. गिऱ्हाईक जवळजवळ सगळे पुरुष. बायकांना प्रवेशच नसे. पुढे स्वतंत्र मजले, स्वतंत्र लिफ्ट अशी व्यवस्था आली, तरी केवळ पुरुषांसाठीची हॉटेले अजूनही आहेत.

तेजी ओसरल्यावर याच पेट्यांना दुसरा उपयोग सापडला. २००८ च्या जागतिक मंदीत कंत्राटी कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, आणि नोकरीबरोबर कंपनीची निवासाची जागाही. टोकियोत घर भाड्याने घ्यायचे तर अनामत, घरमालकाला द्यायची ‘कृतज्ञता रक्कम’ आणि जामीनदार लागतो. ज्यांना हे शक्य नव्हते त्यांतले काही महिनोन्‌महिने कॅप्सूलमध्ये राहिले. एका रात्रीसाठी केलेली जागा कायमचा पत्ता झाली. पर्यटनाच्या पुस्तिकांत ही बाजू येत नाही.

२००९ मध्ये क्योतोत ‘नाइन अवर्स’ सुरू झाले आणि धंद्याचा चेहरामोहरा बदलला. एक तास अंघोळ, सात तास झोप, एक तास आवराआवर, असे मिळून नऊ तास. पांढऱ्याशुभ्र पेट्या, काळ्या जमिनीवर रंगवलेल्या खुणा, टीव्हीला रजा, आणि शेजाऱ्याची झोप न मोडता जागे करणारा, हळूहळू उजळणारा दिवा. याच कंपनीने २०१४ मध्ये नारिता विमानतळावर शाखा काढली; पहाटेच्या स्वस्त विमानांच्या प्रवाशांनी ती भरू लागली. गिऱ्हाईक आता दारू पिऊन आलेला कारकून नव्हे, पाठीवर पिशवी घेतलेला प्रवासी. विमानाच्या पहिल्या वर्गासारखी सजावट करणारी ‘फर्स्ट कॅबिन’ ही साखळीही याच लाटेतली. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्याच तडाख्यात, तिने दिवाळे काढले.

जपानबाहेर कल्पना गेली ती मुख्यतः विमानतळांच्या वाटेने. लंडनच्या गॅटविक विमानतळावर २००७ साली सुरू झालेल्या ‘योटेल’ने जपानी कॅप्सूलवरून स्फूर्ती घेतली खरी, पण तिथे दाराला कुलूप आणि आत स्वतःचे न्हाणीघर असते, म्हणजे मूळ गुणधर्मच उरत नाही. नावापुरत्या कॅप्सूल तर आणखीही आहेत. नेदरलँड्समध्ये तेलविहिरींवरून आणलेल्या केशरी, गोलाकार जीवरक्षक नौकांत पाहुण्यांना झोपवले गेले. पेरूच्या पवित्र दरीत पारदर्शक पेट्या थेट उभ्या कड्याला टांगल्या आहेत. तिथे पोचायला लोखंडी पायऱ्या आणि दोर धरून चढावे लागते. जपानी कॅप्सूल सोयीसाठी असते, ही साहसासाठी. नाव सोडले तर दोन्हींत साम्य नाही.

भारतात ही कल्पना ‘पॉड हॉटेल’ या नावाने आली, आणि मुंबईतच आधी आली. अंधेरीत २०१७ मध्ये असे हॉटेल सुरू झाले. १७ नोव्हेंबर २०२१ रोजी मुंबई सेंट्रल स्थानकात आयआरसीटीसीच्या पॉड हॉटेलचे उद्घाटन तेव्हाचे रेल्वे राज्यमंत्री रावसाहेब दानवे यांच्या हस्ते झाले. भारतीय रेल्वेवरचे हे पहिलेच. ४८ पॉड, त्यांत काही स्त्रियांसाठी राखीव आणि एक अपंग प्रवाशांसाठी. सुरुवातीचे भाडे १२ तासांना ९९९ रुपये. पुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरही अशी सोय झाली. मुंबईतही शेवटची लोकल आणि पहिली लोकल यांच्यात दोन-तीन तासांची पोकळी असते, पण शेवटची लोकल चुकलेला डोंबिवलीकर पॉडचे गिऱ्हाईक नाही. तो फलाटावर बसून राहील किंवा मित्राकडे जाईल. इथे येतात ते बाहेरगावचे. कोणी मुलाखतीला, कोणी इस्पितळाच्या कामाला, कोणी पुढची गाडी रात्रीची आहे म्हणून. पूर्वी याच माणसांसाठी रेल्वेची रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी होती, आजही आहे.

पेटीभर जागेत राहण्याची रीत मुंबईला नवी नाही, हेही नोंदवायला हवे. धोबी तलाव आणि माझगाव भागात गोव्यातल्या गावागावांचे ‘कूड’, म्हणजे सामाईक वसतिगृहे, आहेत. जहाजावर नोकरी करणारे गोवेकर बोट लागेपर्यंत तिथे उतरत. प्रत्येकाच्या मालकीची वस्तू म्हणजे भिंतीलगतची ट्रंक. रात्री चटई अंथरायची, सकाळी गुंडाळायची. कुलूप असायचे ते ट्रंकेला.