पळी वितळत नाही, विरघळते

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत ॲल्युमिनियमचं ओतकाम करणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं असेल: पोलादी पळीचा दांडा धड, तळ धड, पण धातूची पातळी जिथे लागते तिथे कड कुरतडल्यासारखी. भट्टी ७२० अंश सेल्सिअसवर आणि पोलाद वितळतं १५०० च्या आसपास. मग पळी गेली कुठे?

ती विरघळली. साखर चहात जाते ती काही वितळून नव्हे, तसंच. ६५५ अंशांना द्रव ॲल्युमिनियम सुमारे १.८ टक्के लोखंड सामावून घेतं; तापमान वाढवलं की आणखी.

सुरुवातीला मात्र द्रव ॲल्युमिनियम पोलादाला चिकटतच नाही, कारण त्यावर ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची, अतिशय पातळ साय असते. पळी बुडताना-निघताना पातळीच्या रेषेवर ही साय पुन्हा पुन्हा फाटते. फ्लक्स, म्हणजे द्रव धातूत टाकायची क्षारांची पूड, तर साय काढण्यासाठीच असतो. म्हणून फ्लक्स ढवळायला लेप न दिलेली पोलादी सळई कधीही वापरू नये.

साय फाटली की धातू पसरतो आणि सांध्यावर नवं संयुग तयार होतं: लोखंडाच्या २ अणूंमागे ॲल्युमिनियमचे ५. सूक्ष्मदर्शकाखाली ते जिभांसारखं पोलादात घुसलेलं दिसतं. त्याच्या स्फटिकात एका दिशेने रिकाम्या जागांची रांग असते, त्या वाटेने अणू झपाट्याने सरकतात. व्हिकर्स या मापावर कठीणपणा १००० च्या घरात, म्हणजे साध्या पोलादाच्या कित्येक पट, पण काचेसारखं ठिसूळ. पळी आपटली की कपच्या उडतात. सिलिकॉन असेल तर थर पातळ राहतो, म्हणूनच पोलादी पत्र्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवताना द्रवात ५ ते ११ टक्के सिलिकॉन ठेवतात.

खरं नुकसान पळीपेक्षा मालाचं होतं. घन ॲल्युमिनियममध्ये जेमतेम ०.०५ टक्के लोखंड मावतं. उरलेलं सिलिकॉनच्या मिश्रधातूत सुयांसारखं गोठतं आणि तिथूनच कास्टिंग तडकतं. एकदा शिरलेलं लोखंड भट्टीवर सहजी काढता येत नाही. भंगारातले बोल्ट आधीच चुंबकाने वेचा. ते जड, तळाशी बसून मुकाट्याने विरघळतात.

पळीला तारेच्या ब्रशने घासून गंज काढा, हाताला चांगली गरम लागेल इतकी तापवा, मग झिरकॉन किंवा बोरॉन नायट्राइड या उष्णता सोसणाऱ्या भुकटीच्या लेपाचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात सुकवून. एकच जाड हात पोपड्यासारखा सुटतो. कड आणि वेल्डिंगची रेघ विसरू नका. बुडवण्याआधी पळी भट्टीच्या तोंडाशी नीट तापवून घ्या, पावसाळ्यात तर हमखास. लेपात ओल राहिली तर तिची एकदम वाफ होऊन वितळलेला धातू अंगावर उडतो.