रिता वधस्तंभ आणि खांद्यावरचे कोकरू

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर परिसरात मावची आदिवासींच्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये प्रार्थनामंदिराच्या पांढऱ्या भिंतीवर एक उभे व एक आडवे लाकूड जोडलेला साधा वधस्तंभ असतो. त्यावर ख्रिस्ताची प्रतिमा नसते. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात कॅथलिक देवळात गेल्यास मात्र क्रूसावर खिळलेला देह आणि मरियेची मूर्ती समोर येते. हा फरक ऐपतीचा नसून त्यामागे जुना वाद आहे.

पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती लोक वधस्तंभाचे चित्र सहसा काढत नसत, कारण ते गुलामांना व बंडखोरांना देण्यात येणाऱ्या मृत्युदंडाचे साधन होते. ‘क्रूस’ या शब्दातून ती भीषणता जाणवत नाही; मराठी बायबलमधील ‘वधस्तंभ’ या शब्दाने ती जपली आहे, हे मला फार मोलाचे वाटते. त्या काळी रोमच्या भुयारी दफनभूमींत मासा, जहाजाचा नांगर आणि मेंढपाळ ही चिन्हे रंगवली जात. ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ या ग्रीक शब्दांची आद्याक्षरे जुळवली की मासा या अर्थाचा ग्रीक शब्द तयार होतो. प्रिसिलाच्या दफनभूमीतील तिसऱ्या शतकातील मेंढपाळ तरुण असून, जनावराचे पाय छातीशी धरून त्याने ते खांद्यांवर घेतले आहे. साक्री तालुक्यात मेंढ्यांचा वाडा हलवताना दमलेले कोकरू उचलून चालणारा ठेलारी मेंढपाळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र उलगडून सांगावे लागत नाही.

चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिल्यानंतर क्रूस उघडपणे मिरवू लागला. पुढे प्रतिमा असाव्यात की नसाव्यात यावरून बायझंटाईन साम्राज्यात शतकभर संघर्ष झाला. इ.स. ७८७ च्या निकिया येथील दुसऱ्या परिषदेने प्रतिमेला आदर देता येईल, परंतु आराधना केवळ देवाचीच, असा भेद केला. सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारकांपैकी अनेकांना तो भेद पुरेसा वाटला नाही, इ.स. १५२४ मध्ये झुरिकच्या चर्चमधून मूर्ती हटवण्यात आल्या.

विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम खानदेशात आलेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन याच प्रोटेस्टंट परंपरेतील होते. त्यामुळे येथील भिल्ल व मावची मंडळ्यांना वधस्तंभ मिळाला तो रिता, म्हणजे ख्रिस्त आता त्यावर नाही, तो उठला आहे, हे सांगणारा. कॅथलिक भाविकाला त्याच लाकडावर आपल्यासाठी सोसणारा देह दिसावा असे वाटते.

मेंढपाळाच्या चित्राला मात्र दोन्हीकडच्या घरांत जागा असते.