धुळीआड दडलेली केंद्रके : एनजीसी १०६८ आणि नंतर

खगोलशास्त्रज्ञ कार्ल सायफर्ट यांनी १९४३ मध्ये ज्या सहा दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रकांचे, म्हणजे मध्यभागांचे, वर्णपट बारकाईने तपासले, त्यांत तिमिंगल तारकासमूहातली एनजीसी १०६८, म्हणजेच एम ७७, होती. १९७४ मध्ये खाचिकियान आणि वीडमन यांनी अशा, म्हणजे सायफर्ट, दीर्घिकांचे दोन प्रकार पाडले. पहिल्यात हायड्रोजनच्या रेषा सेकंदाला हजारो किलोमीटर वेग दाखवण्याइतक्या रुंद. दुसऱ्यात सगळ्याच रेषा अरुंद, काहीशे किलोमीटरच्या. एनजीसी १०६८ दुसऱ्या प्रकारात गेली. रुंद रेषा केंद्रकातल्या कृष्णविवराजवळच्या वेगवान वायूतून येतात. मग इथे तो वायूच नाही, की आहे पण दिसत नाही?

निकाल १९८५ मध्ये लागला. अँटोनुची आणि मिलर यांनी लिक वेधशाळेच्या ३ मीटर दुर्बिणीतून ध्रुवित प्रकाशाचा, म्हणजे ज्याच्या लहरी एका ठरावीक दिशेत कंप पावतात त्या प्रकाशाचा, वर्णपट वेगळा काढला आणि त्यात रुंद रेषा सापडल्या. केंद्रकाचा प्रकाश धुळीच्या कड्याने अडवला होता. पण कड्याच्या अक्षाच्या दिशेने निसटलेला थोडासा भाग कड्याच्या वर असलेल्या इलेक्ट्रॉनांवर विखुरून आपल्यापर्यंत पोचत होता. विखुरताना तो ध्रुवित होतो, म्हणूनच ओळखता येतो.

मेख असते ती ताऱ्यांच्या प्रकाशात. तो ध्रुवित नसतो, पण भरपूर असतो. त्यामुळे मूळ मोजणीत ध्रुवण नगण्य वाटते. ताऱ्यांचा वाटा वजा केल्यावर इथे ते सुमारे १६ टक्के निघाले. वजाबाकी चुकली की सगळेच चुकते. शिवाय आपल्या आकाशगंगेतली धूळ स्वतःचे ध्रुवण मिसळते ते वेगळेच.

धूळ किती लागते? आकाशगंगेतले धूळ-वायूचे प्रमाण धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला २ × १०²² हायड्रोजन अणू पुरतात : दृश्य प्रकाश सुमारे १० प्रतींनी (प्रत हे तेजाचे माप), म्हणजे दहा हजार पटींनी मंदावतो. कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचे, क्ष-किरण एवढ्या पडद्यातून सहज पार होतात. हा आकडा १.५ × १०²⁴ च्या पुढे गेला की १० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टखालचे (हे किरणांच्या ऊर्जेचे एकक) थेट क्ष-किरणही जवळजवळ अडतात. एनजीसी १०६८ त्याच्याही पलीकडची. तिथे दिसतात ते परावर्तित किरण आणि ६.४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टची ठळक लोहरेषा. त्या तेजालाच मूळ तेज मानले तर केंद्रक फारच दुबळे ठरते.

एनजीसी ४९४५ मध्ये तर अरुंद रेषांचाही आधार नाही. दृश्य प्रकाशात ती फक्त वेगाने तारे घडवणारी दीर्घिका वाटते. तेच केंद्रक १०० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास सर्वांत तेजस्वी सायफर्ट केंद्रकांपैकी एक आहे.