कणीस, बिटी आणि बिडाचं चाक

दसऱ्याच्या आसपास आमच्या तासगाव भागात अंगणं पिवळी दिसायला लागतात. पत्र्यावर, ओट्यावर, ताडपत्रीवर, जिथं ऊन पडेल तिथं सोललेली मक्याची कणसं. याच दिवसांत आमच्या माळ्यावरून एक हातयंत्र खाली येतं. अंग सगळं बिडाचं, लाकडी खोक्याच्या कडेला बोल्टनं आवळलेलं, एका अंगाला जड चाक आणि चाकाला मूठ. वरच्या तोंडात कणीस सोडायचं आणि मूठ फिरवायची. दाणे खोक्यात पडतात आणि बाजूच्या भोकातून दाणे निघालेली मोकळी बिटी बाहेर येते. काही गावांत या बिटीला बुरकुंड म्हणतात. आजोबांनी हे यंत्र जुन्या बाजारातून आणलं होतं. दरवर्षी त्याला एरंडेलाचे चार थेंब लागतात, बाकी काही मागत नाही.

लहानपणी मला वाटायचं, आत पाती असणार आणि ती दाणे तासून काढत असणार. पुढं एकदा ते खोललं. आत धार असलेली एकही वस्तू नव्हती. एक उभी तबकडी, तिच्यावर बोथट दात, आणि समोर स्प्रिंगनं दाबून धरलेली खडबडीत पट्टी. एवढ्यावर दाणा सुटतो कसा, हे समजून घ्यायचं तर यंत्र बाजूला ठेवून आधी कणीसच हातात घ्यावं लागतं.

कणीस मधोमध मोडून बघा आणि दाण्यांच्या ओळी मोजा. बारा, चौदा, सोळा, अठरा. संख्या जवळपास नेहमी समच येते, कारण मक्याची मादी फुलं जोडीजोडीनं लागतात आणि प्रत्येक जोडीच्या दोन ओळी होतात. कणसाच्या मिशीतला एकेक केस एकेका दाण्याचा असतो. परागकण त्या केसावर पडला तरच तो दाणा भरतो, म्हणून फुलोऱ्यात ताण पडला की कणीस बोडकं, दातपडकं निघतं. प्रत्येक दाणा बारीक देठानं बिटीत रुतलेला असतो आणि शेजारच्या दाण्यांत घट्ट अडकलेला असतो. कमानीतले दगड जसे एकमेकांना धरून ठेवतात, तसं हे काम. एकट्या देठात तेवढा जोर नसतो.

आजीला हे हातानं माहीत होतं. ती टोच्यानं, म्हणजे अणकुचीदार हत्यारानं, एक ओळ उकरून काढायची. ही पहिली ओळ जिवावर यायची, नख दुखायचं. पण ती निघाली की शेजारच्या ओळीला कलायला जागा मिळते. मग अंगठा आडवा दाबला की दाणे भराभर गळतात. अंगठ्यानं ती दाण्याला बाहेर ओढत नसे, बाजूला कलवत असे. दाण्याचं वरचं टोक ढकललं की सगळा ताण खाली इवल्याशा देठावर येतो. ही साधी तरफ आहे. सरळ ओढून न निघणारा दाणा कलवला की कटकन सुटतो.

यंत्र हेच करतं. कणीस निमुळत्या टोकाकडून आत जातं. तिथले दाणे बारीक आणि सैल असतात, म्हणून तबकडीच्या दातांना पहिली फट तिथंच मिळते. तबकडी आणि पट्टी यांच्यामध्ये कणीस स्वतःभोवती गरगर फिरत खाली सरकतं आणि प्रत्येक दात पुढच्या दाण्याला मोकळ्या झालेल्या जागेकडं कलवतो. जाड कणीस आलं की स्प्रिंग मागं सरते, बारीक आलं की पुढं येते. एवढीशी ती स्प्रिंग नसती तर हे यंत्र एकाच मापाच्या कणसापुरतं उरलं असतं. दातेरी नळकांड्यांमधून कणीस ओढून दाणे काढणाऱ्या हातयंत्राचं पेटंट अमेरिकेत १८३९ साली निघालं. तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही.

जड चाकाचं कामही बघण्यासारखं आहे. कणीस दातात अडकतं तेव्हा एकदम जोर लागतो, आणि दोन कणसांच्या मध्ये यंत्र रिकामं फिरतं. माणसाच्या हाताला असा हिसका सोसत नाही. त्याला एकसारखी चाल मानवते. रिकाम्या फेरीत हातानं दिलेली ऊर्जा चाक साठवतं आणि कणीस अडलं की परत देतं. वेग दीडपट केला तर साठलेली ऊर्जा सव्वादोनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गावर वाढते. वजन आसाजवळ न ठेवता बाहेरच्या कडेला ठेवलेलं असतं तेही त्यासाठीच. एकदा लय लागली की पोरगासोरगासुद्धा हे यंत्र चालवतो.

पण सगळी करामत दाण्यातल्या पाण्यावर आहे. मका पक्व झाला की दाण्याच्या बुडाशी, देठाला चिकटतो त्या जागी, एक काळा थर तयार होतो. ताटाकडून येणारा अन्नाचा रस्ता तिथं बंद होतो. मधल्या ओळीतला एक दाणा काढून बुडाला नखानं खरवडलं की हा थर दिसतो. आपण म्हणतो, मका तयार झाला. पण त्या वेळी दाण्यात ३० ते ३५ टक्के पाणी असतं. देठ चिवट आणि दाणा मऊ. अशा कणसाला यंत्रात घातलं तर दाणा सुटण्याआधी चेंगरतो. हातयंत्रासाठी ओलावा १४-१५ टक्क्यांवर आलेला बरा. तेव्हा देठ ठिसूळ होतो आणि दाणा कडक. फार कडकडीत वाळला तरी दाण्याला चिरा पडतात.

एका वर्षी परतीच्या पावसाची धास्ती घेऊन आम्ही घाई केली. आजी अंगणातून ओरडली, "वल्लं हाय अजून. दातानं कट्ट म्हनू दे, मग यंत्राकडं बघ." आम्ही ऐकलं नाही. खोक्यात अर्धे दाणे फुटके पडले, वर पिठाळ चिकटा. पोती भरून ठेवली आणि चौथ्या दिवशी पोत्यात हात घातला तर आत चक्क ऊब. दाणा जिवंत असतो, श्वास घेतो, आणि ओलावा जास्त असला की तो श्वास जोरात चालतो. त्यातून उष्णता आणि आणखी ओल तयार होते. त्यावर बुरशी पोसते. फुटक्या दाण्यात तिला दार उघडंच मिळतं. अस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते यकृताला घातक आहे, जनावरालाही आणि माणसालाही. दाणा भाजून किंवा शिजवून ते पुरतं जात नाही. त्या वर्षीची तीन पोती आम्ही जनावरांनासुद्धा घातली नाहीत, खड्ड्यात पुरली.

ओलावा मोजायचं यंत्र घरात नसेल तर एक जुनी युक्ती आहे. कोरडी काचेची बाटली घ्या, तिच्यात चमचाभर खडखडीत कोरडं मीठ आणि मूठ-दोन मुठी दाणे घालून झाकण लावा. चांगली हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. खाली सुटं पडलं तर काम करायला हरकत नाही.

वाळवण्याच्या बाबतीत आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत दोन वेगळी जगं आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि तिथून पूर्वेला माण, खटाव, आटपाडीकडं उतरलं की तो ५०० च्या आसपास येतो. हवेत ७० टक्के आर्द्रता असेल तर मक्याचा दाणा सुमारे १४ टक्क्यांवर येऊन थांबतो, त्याखाली नुसत्या हवेनं उतरत नाही. म्हणून माणदेशात अंगणात चार उन्हं पुरतात, आणि डोंगरकपारीत कणसांची पानं एकमेकांत गुंफून माळा चुलीवरच्या वाशाला टांगतात. धुराची ऊब ओल खेचते आणि सोंडेही लागत नाहीत.

अमेरिकेतल्या मका पिकवणाऱ्या राज्यांत हेच काम हवेवर सोडलं जाई. शेतकरी पंजाला चामड्यानं बांधलेल्या लोखंडी काट्यानं कणसाची पानं फाडत, कणीस मोडत आणि घोडागाडीत भिरकावत. गाडीच्या पलीकडच्या बाजूला उंच फळी असे. कणीस तिच्यावर आदळून गाडीत पडे, म्हणजे मान वर करायची गरज नाही. मग फटी ठेवलेल्या अरुंद लाकडी कोठीत अख्खी कणसं हिवाळाभर पडून राहत. कणसांमध्ये पोकळ जागा राहते आणि वारा आरपार जातो. सुट्या दाण्यांच्या राशीत तो जात नाही. दाणे सवडीनं, वाळल्यावर काढत. तिथं दाण्यांचं बुशेल (धान्य मोजायचं तिथलं माप) ५६ पौंडांचं धरतात आणि कणसांचं ७० पौंडांचं. म्हणजे फरकाचे १४ पौंड बिटीचे. आपल्याकडंही हिशोब असाच बसतो: एक क्विंटल वाळल्या कणसांतून ८० किलोच्या आसपास दाणे. ओल्या कणसांत त्याहून कमी, कारण बिटी दाण्यापेक्षा जास्त पाणी धरून ठेवते.

पुढं शेतातच दाणे काढणारी मोठी यंत्रं आली, त्या कोठ्या रिकाम्या झाल्या आणि ओला दाणा गरम हवेनं वाळवणं भाग पडलं. आपल्याकडचं ट्रॅक्टरवरचं मळणी यंत्रही तासाला कित्येक क्विंटल मका काढतं. एकरा-दोन एकरांच्या पुढं त्याला पर्याय नाही, हे मी मान्य करतो. पण त्याचा ढोल कणसाला कलवत नाही, मारतो. फेरे गरजेपेक्षा जास्त ठेवले की फुटीचं प्रमाण वाढतं. भाड्यानं यंत्र आणलं तर पहिलं पोतं भरताना ओंजळभर दाणे हातात घेऊन बघावेत आणि फुटके दिसले तर चालवणाऱ्याला फेरे कमी करायला सांगावं. दहा मिनिटं जास्त लागतील, पण साठवलेला मका टिकेल.

हे सगळं करावं लागतं, कारण मक्याला स्वतःचे दाणे सोडता येत नाहीत. त्याचा पूर्वज टिओसिंटे हे मेक्सिकोतलं रानगवत. त्याला पाच ते बाराच दाणे लागतात, प्रत्येक दगडासारख्या कवचात, आणि पिकलं की कणीस सांध्यासांध्यात तुटून दाणे जमिनीवर विखुरतात. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी बाल्सास नदीच्या खोऱ्यात माणसानं ते पेरायला सुरुवात केली आणि न गळणारी, उघड्या दाण्याची झाडं निवडत गेला. कवच जाण्यामागं मुख्यतः टीजीए-१ या एकाच जनुकातला बदल आहे. आज अख्खं कणीस जमिनीवर पडलं तर शेकडो रोपं एकाच जागी उगवून एकमेकांना मारतील. दाणा सुटा करणारा हात नसेल तर ही वनस्पती काही पिढ्यांत संपेल.

आजीचं देशी वाण होतं तोवर बियाण्याची कणसं या यंत्राजवळ आली नाहीत. कोंब दाण्याच्या ज्या बाजूला असतो ती बाजू कणसाच्या शेंड्याकडं तोंड करून असते. तिथं दात लागला, चीर पडली, तर दाणा दिसायला धड राहतो आणि उगवत नाही. ती बुडाचे आणि शेंड्याचे दाणे आधी काढून कोंबड्यांना टाकायची. मग मधले, एकसारखे, अंगठ्यानं एकेक ओळ कलवत सुपात पाडायची. टोच्या तिनं त्या कणसाला कधी लावला नाही. पहिली ओळसुद्धा ती नखानंच काढायची.