सोलार सिस्टिममधले वायर जॉइंट

सोलार सिस्टिममधला जॉइंट म्हणजे पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंत आणि तिथून पुढे मीटरपर्यंत जाणाऱ्या वायरीत जिथे जिथे दोन टोकं जोडलेली असतात ती प्रत्येक जागा, मग तो एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या वायरी एकमेकांत खोचायचा प्लग) असो, क्रिम्प केलेलं म्हणजे दाबून बसवलेलं थिंबल (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा) असो, डीसीडीबीतला (पॅनलची वायर इन्व्हर्टरच्या आधी जिथे येते त्या डब्यातला) स्क्रू टर्मिनल असो, नाहीतर नुसता पिळा मारून वर काळी टेप गुंडाळलेली असो. यातला शेवटचा प्रकार सोलारच्या डीसी वायरीत (म्हणजे पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या वायरीत; इन्व्हर्टर पुढे तिची घरातली एसी करतो) कुठेही चालत नाही, तरी गच्चीवर गेलं की तो बघायला मिळतो, म्हणून त्याबद्दल खाली जरा सविस्तर लिहिलंय.

बडोद्यात हा विषय आता घरोघरी पोचलाय. घरगुती रूफटॉप सोलारमध्ये गुजरात देशात पुढच्या रांगेत आहे, त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि ३ किलोवॅट किंवा त्यावरच्या सिस्टिमला ७८,००० रुपये सबसिडी मिळायला लागली, मग काय, दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, कारेलीबाग, जिकडे बघाल तिकडे गच्चीवर (इथे कुणी धाबं म्हणतं, कुणी अगाशी) निळेकाळे पॅनल दिसतात. शहराजवळ नर्मदा कालव्याच्या शाखेवर १० मेगावॅटचा सोलार प्रकल्प आहे, त्याचं उद्घाटन जानेवारी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांच्या हस्ते झालं होतं. लोक सिस्टिम घेताना पॅनलची कंपनी विचारतात, इन्व्हर्टरची वॉरंटी विचारतात, पण जॉइंट कसे मारणार हे फारसं कुणी विचारत नाही. आणि पॅनल २५ वर्षं टिकायचा असेल तर जॉइंटलाही तेवढंच टिकायला हवं, तेही मे महिन्याच्या ४३-४४ डिग्रीत, पॅनलच्या खालच्या त्याहून गरम हवेत, आणि नंतर चार महिने पावसात.

डीसी का वेगळी

घरातल्या एसी लाइनीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे कुठे स्पार्किंग झालं तरी ठिणगीला विझायची संधी मिळते. पॅनलमधून येणारी डीसी शून्यावर येतच नाही. एकदा आर्क, म्हणजे न तुटणारी ठिणगी, पेटला की तो पेटलेलाच राहू शकतो, प्लास्टिक वितळतं, तांबंसुद्धा वितळतं. ३ किलोवॅटच्या सिस्टिममध्ये साधारण ५४० वॅटचे ६ पॅनल सिरीजमध्ये असतात, एकेकाचं ओपन सर्किट (काही लोड न जोडता मोजलेलं) व्होल्टेज ५० च्या आसपास, म्हणजे गच्चीवरून खाली येणाऱ्या दोन वायरींमध्ये ३०० व्होल्टच्या जवळपास, आणि थंडीतल्या सकाळी त्याहूनही थोडं जास्त. शिवाय उन्हात पॅनल बंद करता येत नाही. खाली एमसीबी पाडली तरी वरची वायर जिवंतच असते, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवं, विशेषतः गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यांना आणि खेळणाऱ्या पोरांना.

आता खराब जॉइंटचा हिशोब बघा. चांगल्या कनेक्टरचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) अर्ध्या मिलीओमच्याही आत असतो. पॅनलचा १३ अँपिअर करंट जाताना तिथे वॉटचा दहावा भागही उष्णता होत नाही. तोच जॉइंट सैल पडून किंवा गंजून ५० मिलीओमवर गेला की १३ गुणिले १३ गुणिले ०.०५, म्हणजे साडेआठ वॉटच्या जवळ. ही झाली छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता, बोटाएवढ्या प्लास्टिकच्या डबीत, दुपारभर, रोज. उष्णतेने आतल्या पिनेचा ताण कमी होतो, तांबं काळं पडतं, रेझिस्टन्स आणखी वाढतो, असं ते चक्र चालू राहतं. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की मोबाइल अॅपवर काहीच कळत नाही, कारण त्या जॉइंटवर पाऊण व्होल्टसुद्धा पडत नाही आणि अडीचशे-पावणेतीनशे व्होल्टच्या स्ट्रिंगमध्ये (सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनलच्या माळेत) तेवढं कुठल्या कुठे जातं. युनिट रोजच्याएवढेच दिसतात. बाहेरून सगळं छान.

आधी जॉइंट टाळा

सगळ्यात भरवशाचा जॉइंट म्हणजे मारलाच नाही तो. पॅनलच्या मागून येणारी वायर छोटी असते, तिचे कनेक्टर एकमेकांत जातात ते ठीक, पण स्ट्रिंगच्या शेवटापासून डीसीडीबीपर्यंत वायर एकाच तुकड्यात यायला पाहिजे. दोन-तीन मीटर कमी पडली म्हणून उरलेला तुकडा जोडणारे वायरमन असतात, त्यांना तिथेच थांबवावं आणि पूर्ण लांबीची वायर आणायला सांगावं. वायरही सोलारचीच हवी, म्हणजे आयएस १७२९३ या भारतीय मानकाची, ४ किंवा ६ स्क्वेअर एमएम, बारीक तारांची, प्रत्येक तार कल्हई केलेल्या तांब्याची. आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई का करायचे हे ज्याने घरात बघितलंय त्याला वेगळं समजवायला नको, कथिलाचा थर असला की तांबं हवेने आणि ओलीने लवकर खराब होत नाही. घरातली साधी पीव्हीसी वायर गच्चीवर उन्हात टाकली की काही वर्षांत तिच्या कव्हरला तडे जातात.

क्रिम्पिंग

क्रिम्पिंग म्हणजे धातूच्या नळीत तारा घालून बाहेरून इतका दाब द्यायचा की तारा आणि नळी एकमेकांत दबून मधे हवेला जागाच उरत नाही. नीट क्रिम्प केलेला जॉइंट मधोमध कापून बघितला तर आतल्या गोल तारा मधमाशीच्या पोळ्यासारख्या कोनाकोनाच्या झालेल्या दिसतात. हवा नाही तर ओल नाही, ओल नाही तर गंज नाही, म्हणून असा जॉइंट वर्षानुवर्षं टिकतो. साध्या पकडीने दाबलं की नळी दोन ठिकाणी चेपते आणि बाजूला पोकळी राहते. ओढून बघितलं तर निघत नाही म्हणून वायरमन खूश, पण दोन पावसाळ्यांनी तीच पोकळी त्रास देते. त्यासाठी रॅचेटवाला क्रिम्पिंग टूल लागतो, पूर्ण दाब बसल्याशिवाय तो उघडतच नाही, आणि ४ स्क्वेअर एमएमच्या वायरीला टूलमधली ४ चीच खाच वापरायची, ६ ची नाही. हा टूल बॅगेत नसेल तर त्या माणसाकडून काम करून घेऊ नये, मी इतकं स्पष्ट म्हणेन.

एमसी४ मध्ये वायर साधारण ६-७ मिलिमीटर सोलायची, नेमका आकडा कनेक्टरच्या कंपनीच्या कागदावर असतो, सोलताना एकही तार कापली जाता कामा नये, सगळ्या तारा पिनेत जायला हव्यात, पिन आत ढकलली की टक आवाज यायला हवा, मग हलकेच ओढून बघायचं आणि मागचा नट पान्याने कसायचा. हा नट हाताने फिरवून सोडून देतात आणि पाणी तिथूनच शिरतं. वायर कनेक्टरमधून सरळ बाहेर येऊ द्यायची, लगेच वळवली तर रबर एका बाजूला दबतं आणि दुसऱ्या बाजूला फट पडते.

एमसी४ च्या नावातला ४ म्हणजे ४ मिलिमीटरची पिन. मूळ कनेक्टर मल्टी-कॉन्टॅक्ट कंपनीचा, ती आता स्टॉब्ली नावाने ओळखली जाते, पण त्याच्यासारखे दिसणारे डझनभर कंपन्यांचे कनेक्टर बाजारात आहेत आणि ते एकमेकांत बसतातही. घोळ तिथेच होतो. बसले म्हणजे जुळले असं नसतं, पिनेचं माप केसभर वेगळं, मुलामा वेगळा, रबर वेगळं, आणि टेस्ट होते ती एकाच कंपनीच्या जोडीची. म्हणून एका जोडीतले नर आणि मादी दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे हवेत. पॅनलच्या डेटाशीटवर कनेक्टरचं नाव लिहिलेलं असतं, ते बघून स्ट्रिंगच्या टोकाला तोच मागवायचा. पॅनलचा मूळ कनेक्टर कापून दुसरा लावला तर वॉरंटी जाऊ शकते, ते आधी कंपनीला विचारल्याशिवाय करू नये.

सोल्डर, टेप आणि बाकीचे

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा हात असलेल्या जुन्या लोकांना सोल्डर सगळ्यात पक्का वाटतो. सर्किट बोर्डावर तो पक्का आहेच. पण वायरीत सोल्डर मारला की तो तारांमध्ये वर चढतो, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो, आणि वाऱ्याने वायर हलत राहिली की बरोबर त्या कडक भागाच्या काठावर तारा एकेक करून तुटतात. साधा कथिल-शिशाचा सोल्डर १८३ डिग्रीला वितळतो, म्हणजे जॉइंट तापला तर जोडच सुटतो. अमेरिकेच्या इलेक्ट्रिक कोडमध्येही जोड आधी सोल्डरशिवाय पक्का असावा आणि मग हवं तर सोल्डर करावा असंच आहे. स्क्रू टर्मिनलमध्ये जाणाऱ्या टोकाला तर सोल्डर अजिबात नको, दाबाखाली तो हळूहळू पसरतो आणि स्क्रू सैल पडतो. तिथे फेरूल (तारांच्या टोकावर बसणारी छोटी धातूची नळी) क्रिम्प करून घालायची.

पिळा आणि टेपबद्दल वाडीतल्या आमच्या एका नातेवाइकांच्या गच्चीवरचं सांगतो. खारीने वायर कुरतडली होती, आलेल्या मुलाने पिळा मारून टेप लावली आणि म्हणाला, "चालशे काका, काय नाय होत." पुढच्या उन्हाळ्यात टेपचा चिकटपणा गेला, पावसात पाणी आत गेलं, इन्व्हर्टर रोज सकाळी इन्सुलेशनचा फॉल्ट दाखवून बंद पडायला लागला. नशीब की फॉल्टवरच भागलं. अशा वेळी कुरतडलेला भाग कापून टाकायचा आणि तिथे एमसी४ ची एक जोडी घालायची, उघड्यावर हाच सगळ्यात सोपा आणि भरवशाचा उपाय. नाहीतर कल्हई केलेली तांब्याची जोडनळी क्रिम्प करून वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) चढवायची आणि तो जॉइंट बंद डब्यात, हात पोचेल अशा जागी ठेवायचा.

लिव्हरवाले छोटे कनेक्टर हल्ली सगळीकडे मिळतात आणि घरातल्या एसी वायरिंगला उत्तम आहेत, पण त्यांची व्होल्टेजची मर्यादा साधारण ४५० ची असते आणि ते घराच्या आत, डब्यात वापरण्यासाठी आहेत, गच्चीवरच्या डीसीला नाहीत. बॅटरीवाल्या सिस्टिममध्ये प्रश्न करंटचा: ३ किलोवॅटचा लोड ४८ व्होल्टवर ६२ अँपिअर घेतो, २४ व्होल्टवर १२५, तिथे जाड थिंबल हायड्रॉलिक टूलनेच दाबायचं. तांबं आणि अॅल्युमिनियम जिथे भेटतात तिथे बायमेटॅलिक (दोन्ही धातूंचं) थिंबल हवं, नाहीतर ओलीत अॅल्युमिनियम खाल्लं जातं. पॅनलच्या फ्रेमवरचा थर वीज वाहून नेत नाही, म्हणून अर्थिंगला दातेवाला वॉशर लागतो.

जागा आणि तपासणी

जॉइंट स्लॅबवर पडलेला नको, तिथे पाणी साचतं. कनेक्टर स्ट्रक्चरला बांधायचे, वायरीला थोडा झोल द्यायचा म्हणजे पाण्याचा थेंब कनेक्टरकडे न जाता खालून टपकतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या उन्हाने तडकतात, काळ्या यूव्हीवाल्या किंवा स्टीलच्या वापरायच्या. बडोद्यात आणखी एक, उत्तरायणानंतर पॅनलखाली मांजा अडकलेला असतो आणि पोरं तो ओढतात, तेव्हा कनेक्टरला हिसका बसतो, म्हणून १५ जानेवारीनंतर एकदा वर जाऊन तो कात्रीने कापून काढावा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं होतं. तळमजल्यावरचा इन्व्हर्टर किंवा एसीडीबी (इन्व्हर्टरनंतरचा एसीचा डबा) असा पाण्यात गेला असेल तर तो वाळवून नुसता चालू करायचा नाही, प्रत्येक टर्मिनल उघडून बघून गंजलेलं टोक कापून नवीन क्रिम्प करायचं.

काम झाल्यावर मेगर (वायरीच्या कव्हरमधून वीज झिरपते का ते मोजायचं मीटर) लावून घ्यावा, ५०० व्होल्टपर्यंतच्या सिस्टिमला ५०० व्होल्टने टेस्ट करून निदान १ मेगाओम यायला हवा. थर्मल कॅमेरावाला मिळाला तर भर दुपारी, पूर्ण लोडवर बघायचं, शेजारच्या कनेक्टरपेक्षा एखादा जास्त तापलेला दिसला की तोच बदलायचा. आणि चालू असताना एमसी४ कधीही उघडायचा नाही. आधी एसी बंद, मग डीसी आयसोलेटर (डीसी तोडणारा स्विच), मग क्लॅम्प मीटरने करंट शून्य आहे ना हे बघायचं, आणि त्यानंतरच दोन दातांच्या चावीने कनेक्टर सोडवायचा.