धरण सरकारी की खासगी? आधी अवजल कुठे जातं ते बघा

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं की शहरात मोर्चे येतात आणि विजेच्या खासगीकरणावरचे वाद चहाच्या टपरीपर्यंत पोचतात. त्यात धरणांचा विषय निघाला की दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. पहिलं, ‘कंपनीला धरण दिलं की ती पाणी अडवून बसणार.’ दुसरं, ‘सरकारला जमत नाही, कंपनीला द्या, दुप्पट वीज निघेल.’ यातलं दुसरं वाक्य शाळेच्या भौतिकशास्त्रातच गळून पडतं, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

उंचावरच्या पाण्यात साठलेली ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी 100 मीटर खाली आलं की सुमारे 9.8 लाख ज्यूल ऊर्जा मिळते. विजेचं एक युनिट 36 लाख ज्यूलचं. टर्बाइन आणि जनित्रात मिळून दहाएक टक्के वाया जातात असं धरलं, तर एका युनिटला साधारण चार घनमीटर पाणी लागतं. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर 100 मीटरवरून टर्बाइनवर सोडला तर जेमतेम अडीच युनिट हाती येतील. मे महिन्यात 200 वॅटचा एक कूलर संध्याकाळपासून सकाळपर्यंत चालवायला तेवढे लागतातच. वर तो कूलर पाणी पितो ते वेगळंच.

म्हणजे यंत्रणा आधीच नव्वद टक्क्यांच्या आसपास काम करते. मालक बदलला म्हणून ती एकशे ऐंशी टक्क्यांवर जात नाही. कंपनीला सुधारता येतो तो बंद पडण्याचा काळ. रनरला, म्हणजे टर्बाइनच्या फिरत्या चाकाला तडा गेला, जनित्राचं वाइंडिंग जळालं आणि दुरुस्तीची फाइल मंजुरीसाठी फिरत राहिली, तर तेवढे दिवस यंत्र गप्प बसतं. हे दिवस कमी करणं ही खरी कमाई, पण ती काही टक्क्यांची.

ओघात एक जुनी समजूतही निकालात काढू. धरणाच्या पाण्यातून ‘वीज काढून घेतली’ की ते निःसत्त्व होतं, पिकाला लागत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे अजून भेटतात. टर्बाइनमधून न जाता तेच पाणी 100 मीटर कोसळलं असतं, तर त्याची ऊर्जा उष्णतेत बदलून पाणी 0.23 अंश सेल्सियसनं तापलं असतं. टर्बाइनमधून गेलेलं पाणी तेवढं तापत नाही. गव्हाला या फरकाचा पत्ताही लागणार नाही.

आता मुख्य मुद्दा. हा भाग थोडा किचकट आहे, पण मालकीचा सगळा वाद इथेच दडलेला आहे. धरणातल्या पाण्याला विकत घेण्याची किंमत नसली तरी मोल असतं, आणि ते तारखेनुसार बदलतं. आज एक घनमीटर सोडला तर तो उद्यासाठी उरत नाही. त्यामुळे आजच्या पाण्याचं मोल म्हणजे तेच पाणी पुढे कधीतरी वापरून जो जास्तीत जास्त फायदा झाला असता, तो. संत्र्याचा बागाईतदार गाडी आज कळमन्याच्या बाजारात न्यायची की आठवडाभर माल झाडावर ठेवायचा, हा विचार करतो तो याच जातीचा. वीजबाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा. दुपारी सौरऊर्जेमुळे भाव पडतो, सूर्य मावळला की चढतो. कोळशाचं केंद्र असं क्षणात चालू-बंद करता येत नाही. जलविद्युत केंद्रात टर्बाइनभोवतीची पाती उघडली की काही मिनिटांत पूर्ण भार येतो. म्हणून धरणवाला दुपारी पाणी राखतो आणि संध्याकाळी सोडतो. यात लबाडी काही नाही, ग्रिडला नेमकं हेच हवं असतं.

पण वर्षाची दोन टोकं बघा. सप्टेंबरात धरण काठोकाठ भरलंय, वर ढग आहेत, अशा वेळी पाण्याचं मोल जवळजवळ शून्य होतं. आज टर्बाइनवर नाही घेतलं तर उद्या ते दरवाज्यांवरून वाहून जाणार आणि त्यातून एकही युनिट मिळणार नाही. उलट मेअखेरीस साठा तळाला गेला की प्रत्येक घनमीटरचं मोल आभाळाला भिडतं, कारण तोवर ते विजेचं पाणी राहिलेलं नसतं, पिण्याचं झालेलं असतं. शिवाय पातळी उतरली की उंचीही घटते. 100 मीटरची 80 झाली की युनिटला चारऐवजी पाच घनमीटर लागतात. म्हणून वीजवाल्याला धरण सतत भरलेलं हवं. पूरनियंत्रणवाल्याला ऑगस्टात त्यात मोकळी जागा हवी. शेतकऱ्याला रब्बीची आवर्तनं वेळेवर हवीत आणि शहराला जूनच्या अखेरीपर्यंत हमी हवी. चौघांच्या चार तारखा. जो फक्त वीज विकतो त्याच्या हिशेबात उरलेल्या तिघांचं मोल आपोआप येत नाही, ते करारात लिहून घालावं लागतं. आणि सरकारी अभियंत्याला ‘या वर्षी युनिटचं उद्दिष्ट गाठा’ एवढंच सांगितलं, तर तोही अगदी तसाच वागेल.

आपल्या पेंच नदीवर या ओढाताणीवर एक देखणा उतारा आहे. तोतलाडोहचं वीजकेंद्र 160 मेगावॉटचं, म्हणजे 80 मेगावॉटचे दोन संच. मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात वीज दोनास एक अशी वाटली जाते. टर्बाइनमधून बाहेर पडणारं पाणी, ज्याला अभियंते अवजल म्हणतात, नदीनं खाली नवेगाव खैरीच्या धरणात येतं. संध्याकाळी तोतलाडोहनं पाण्याचा लोंढा सोडला आणि सकाळी बंद केला, तरी नवेगाव खैरी तो पोटात घेतं आणि खाली कालव्यांना आणि नागपूरच्या पाइपलाइनला एकसारखा प्रवाह देतं. वरचं धरण ग्रिडच्या घड्याळावर चालतं, खालचं शहराच्या. तेच पाणी आधी वीज देतं, मग आपल्या नळाला येतं. अशा रचनेत वरचं टर्बाइन कुणी फिरवलं यानं नागपूरकराला रोजच्या रोज फारसा फरक पडत नाही.

सह्याद्रीत गोष्ट वेगळी. खोपोली (1915), भिवपुरी (1922) आणि भिरा (1927) ही टाटांची केंद्रं मावळातलं पाणी अडवून घाटाखाली कोकणात सोडतात. (याच घराण्यातल्या जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल काढली होती, ती मात्र कोळशाच्या वाफेवर.) हे पाणी मुळात भीमेचं, पूर्वेकडे वाहणारं. घाटाखाली गेलं की परत येत नाही. मुळशीच्या शेतकऱ्यांनी 1921 पासून सेनापती बापटांसोबत सत्याग्रह केला तो जमिनींसाठी. पाण्याचा हिशेब भीमेच्या खालच्या अंगाचे सोलापूरकर आजही मांडतात. आता यातून ‘बघा, खासगी म्हणजे असंच’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण कोयना पूर्णपणे सरकारी आहे आणि तीही तेच करते. कृष्णा पाणीतंटा लवादानं कोयनेला पश्चिमेकडे वळवायला वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. उंची सुमारे 475 मीटर धरली तर एका घनमीटरला एक युनिटहून थोडी जास्त वीज मिळते, म्हणजे वर्षाला सव्वादोनशे कोटी युनिटच्या आसपास. घाट उतरणाऱ्या पाण्यावरचे पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा मिळून 1600 मेगावॉटचे. ते अखंड चालवले तर हे पाणी दोन महिनेही पुरत नाही. हिशेब ढोबळ आहे, पण कोयना दिवसातले मोजके तासच का चालते हे त्यातून कळतं. पाणी नदीत परत येतं की नाही हे घाटाच्या उतारानं आणि बोगद्याच्या तोंडानं ठरवलं. भागभांडवल कुणाचं, हा प्रश्न तिथे गौण होता.

मग सरकारी मालकीचा उपयोग काय? उपयोग आहे, पण मालकी अख्ख्या खोऱ्याचा विचार करत असेल तरच. अमेरिकेत 1933 मध्ये टेनेसी खोऱ्यासाठी सरकारी प्राधिकरण निघालं तेव्हा पूर, जलवाहतूक आणि वीज यांचं वेळापत्रक एकाच हातात दिलं गेलं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खातं सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दामोदर नदीसाठी हाच नमुना पुढे रेटला. 1948 मध्ये दामोदर खोरे निगम झालं त्याची पायाभरणी तिथली. दीक्षाभूमीच्या शहरात बाबासाहेबांचं हे काम फार कमी वेळा सांगितलं जातं.

आणि नुसत्या सरकारी शिक्क्यानं काय होतं ते नागपूरनं 2019 मध्ये भोगलं. पेंचवर वर छिंदवाडा जिल्ह्यात चौराईचं धरण झालं, तेही सरकारीच. पाऊस दगा देऊन गेला, तोतलाडोह मृतसाठ्याला टेकलं आणि जुलैत शहराला दिवसाआड पाणी मिळू लागलं. दोन्ही भिंती जनतेच्याच पैशाच्या, पण वेळापत्रकं दोन राज्यांची. तिथे एकही खासगी कंपनी नव्हती.

आता नवा टप्पा उदंचन केंद्रांचा. महाराष्ट्रानं 2023 मध्ये त्यासाठी वेगळं धोरण आणलं आणि खासगी कंपन्या रांगेत उभ्या आहेत. दुपारी स्वस्त वीज वापरून पाणी खालच्या तलावातून वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज विकायची. घाटघरला सरकारी 250 मेगावॉटचं असं केंद्र आहेच. जाहिराती याला ‘वीजनिर्मिती’ म्हणतात. प्रत्यक्षात वर चढवायला लागलेल्या शंभर युनिटांपैकी पंचाहत्तर-ऐंशीच परत येतात, म्हणजे ही एक मोठी बॅटरी. पण बंद चक्र असेल, म्हणजे तेच पाणी दोन तलावांत वर-खाली फिरत असेल, तर नदीशी तिचा संबंध दोनदाच येतो, पहिल्यांदा तलाव भरताना आणि नंतर दरवर्षी उन्हानं उडालेल्या पाण्याची भरपाई करताना. ती भरपाई पावसाळ्यातच उचलायची की एप्रिलमध्येही, हे कलम करारात आहे का ते आधी वाचा. भाव वगैरे नंतर.